डावा दिवा तुझा

८ नोव्हेंबर

बेरित,

नऊ महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि पहिल्याच ओळीत अट. म्हणजे तू ठणठणीत आहेस हे कळलं.

अट मला समजली. नाताळच्या आदल्या दिवशी तुम्ही त्रोम्सोकडून येणार, घाट ओलांडून आपल्या गावी, नेरविकाला, पोचणार आणि आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावणार. पण त्याआधी घाटाच्या फाटकाशी, गाड्यांच्या सगळ्या रांगेसमोर, मी तुझ्या प्रेबेनच्या खिडकीजवळ वाकायचं आणि 'फेब्रुवारीत माझं चुकलं' असं म्हणायचं. म्हटलं नाही तर तू मला यापुढे बहीण म्हणणार नाहीस.

तर उत्तर लगेच घे. म्हणणार नाही.

तुझ्या नवऱ्याने तिकडे काय पसरवलंय ते इकडे पोचतं बरं का. 'गुनवोरने मरणाऱ्या आईला लेकीची भेट घेऊ दिली नाही.' याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. त्या दिवशी तू सगळं काचेच्या आतून पाहिलंस, मी बाहेरून. आता बाहेरचं ऐक.

वारा आडवा सुटला होता. बर्फ सारणारी माझी नांगरगाडी पुढे, मागे गाड्यांची रांग. निघण्याआधी मी प्रत्येकाला दिवे लावायला सांगते आणि रांगेच्या कडेने चालत जाऊन एकेक दिवा बघते, हे तुला ठाऊक आहे. वर घाटात नाकासमोरचं दिसत नाही. पुढच्याने मागच्याचे दिवे बघायचे आणि मागच्याने पुढच्याचे, एवढ्यावरच सगळे पलीकडे पोचतात. तुमची नवी विजेची गाडी चौथी होती. दिवे लागलेले होते, पण उजेड बाहेर येत नव्हता. जुने दिवे तापायचे आणि अंगावरचा बर्फ आपला आपण वितळवायचे. या नव्यांना उजेड फार, ऊब मुळीच नाही. बर्फ येऊन बसतो तो पाहुण्यासारखा उठायचं नावच घेत नाही. मी माझ्या ब्रशने दोन्ही पुसले. पाचव्या गाडीपर्यंत जाऊन वळले तर तुमचे पुन्हा पांढरे.

मी प्रेबेनला सांगितलं. तो काय म्हणाला ते आठवतं? "गुनवोर, या गाडीचे दिवे स्वतःच सगळं ठरवतात. तुझ्या नांगराच्या जमान्यातली नाही ही."

मी म्हटलं, "ते ठरवू देत. बर्फ त्यांचं ऐकत नाही ना."

मग त्या शहाण्याने काय केलं? थर्मास काढला आणि कढत पाणी दिव्यावर ओतलं. ओदमुंड आपल्या माशाच्या ट्रकमधून बघत होता, त्याने तर डोळ्यांवर हात घेतला. पाणी खाली ओघळायच्या आत गोठलं. काचेवर दुसरी काच बसली, आणि ती ब्रशने काय, खरवडायच्या पट्टीनेही निघेना. दक्षिणेकडच्या माणसाशिवाय हे कोणाला सुचायचं?

तेव्हा मी तुझ्या खिडकीशी आले. "बेरित, ही गाडी इथेच राहू दे. ओदमुंडच्या ट्रकमध्ये एक जागा आहे. उतर, बस, चल." हे मी बोलले. तू ऐकलंस, कारण तू काच खाली केली होतीस. तू ट्रककडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस. प्रेबेन म्हणाला, "माझी बायको माशांबरोबर जाणार नाही." आणि तू काच वर केलीस.

मी थांबले. जेवढं थांबता येत होतं त्याहून जास्त थांबले. मग फाटक उघडलं आणि निघाले.

आई त्याच रात्री गेली आणि पुढे दोन दिवस घाट बंद राहिला. मला याचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकणं वेगळं.

गुनवोर


२३ नोव्हेंबर

बेरित,

तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा बरं आहे. त्यात अट नाही, नुसत्या शिव्या आहेत.

तू लिहितेस, 'तुला बोलायला काय जातं? तू पलीकडे पोचलीस. तू तिचा हात धरून बसलीस आणि मी फाटकाशी बर्फ बघत बसले.' आणि खाली, बारीक अक्षरात, 'शेवटी ती माझं नाव घेत होती का?'

त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हिल्या तिच्याजवळ होती. वृद्धाश्रमात तिच्याइतकी चांगली परिचारिका दुसरी नाही. आईला त्रास झाला नाही. एवढं पुरे.

पण तिकडच्या कटकटी तू ऐकवतेस, तशा इकडच्या मीही ऐकवते. प्रेबेनने माझी तक्रार केली आहे, ठाऊक आहे ना? रस्त्याचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे तिथला एस्किल, कालचं पोर, मिशी अजून धड आली नाही, तो मला भेटायला खास वर आला. वाफल खाल्ले, कॉफी प्यायला, आणि मग मुद्द्यावर आला.

"गुनवोर, दोन ओळी लिहून टाक ना. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.' विषय संपला."

"कोणाची गैरसोय?"

"त्यांची."

"त्यांची गैरसोय बर्फाने केली. बर्फाला लिहायला सांग."

"तू अशी हट्टी का आहेस गं?"

"बाप नांगर चालवायचा, आई नांगरवाल्याची बायको. मऊ लोक आमच्याकडे दत्तकसुद्धा येत नाहीत."

तो हसला, पण जाताना म्हणाला की पुढच्या हिवाळ्यात ताफ्याच्या पुढे मी असेनच असं नाही. मी म्हटलं, "नसेन तर नसेन. पण जोवर आहे तोवर दिवा झाकलेली गाडी फाटकाच्या पलीकडे जाणार नाही, मग आत राजा बसलेला असो नाही तर माझी सख्खी बहीण." सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, हे त्याला कळलं असावं. उरलेले वाफल त्याने बांधून नेले.

बेरित, तू शहरात राहून बाकी काय विसरायचं ते विसर, पण हे कसं विसरलीस? बाबा पहाटे निघायचे तेव्हा आई आपल्या दोघींना झोपेतून उठवून बाहेर काढायची. डावा दिवा तुझा, उजवा माझा. लोकरीचा हातमोजा चढवायचा आणि काच घासायची, कोरडी, पाण्याचा थेंब न लावता. मग दोघींनी मागे सरत सरत त्या खांबापर्यंत जायचं आणि तिथून ओरडायचं, "दिसतंय!" आपण ओरडलो नाही तोवर बाबा गाडी हलवायचे नाहीत. एकदा तू रुसून ओरडलीच नाहीस, तर ते किती वेळ तसेच बसून राहिले. तू त्यांना म्हणालीस, "तुम्हीच बघा ना आपले दिवे." ते म्हणाले, "चाकामागे बसलेल्याला आपला दिवा कधी दिसत नाही, पोरी. तो समोरच्यालाच दिसतो."

तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि हे तुला कळलं होतं. आता पन्नाशी उलटली आणि कळत नाही.

त्या दिवशी पलीकडे उतरल्यावर मी गाड्या मोजल्या होत्या. एक कमी भरली. ते असो, त्याचा तुझ्याशी संबंध नाही.

सूर्य आज शेवटचा दिसला, नुसती कड. आता उगवेल तो थेट जानेवारीत.

गुनवोर


१२ डिसेंबर

बेरित,

एवढं छोटं पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. 'मी एकटीच येते आहे. प्रेबेन येत नाही म्हणतो. गाडी तीच आहे. पुन्हा अडवशील का?'

दिवे झाकलेले असतील तर हो. अडवीन.

यापेक्षा गोड उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते शोधणारही नाही. ओदमुंडला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, नाताळ आहे. निदान 'ये' तरी लिही."

मी म्हटलं, "ती येतेच आहे. लिहायचं कशाला?"

"मग तू रोज फाटकावरच्या पोरांना त्रोम्सोकडच्या हवेचं का विचारतेस?"

"रस्त्याचं काम आहे माझं."

"तुझा रस्ता त्रोम्सोपर्यंत कधीपासून जायला लागला?" असं म्हणून तो माझ्या ताटातला सुका मासा उचलून चालता झाला. या माणसाला एकदा धडा शिकवायचाय.

बरं, ऐक. निघायच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची आणि पुरती कोरडी करायची. मग दिव्याच्या काचेला गाडीचं मेण लाव, दोनदा, आणि मऊ फडक्याने चमकेपर्यंत घास. गुळगुळीत काचेवर बर्फ बसतो, पण पकड धरत नाही. एका फटक्यात निघतो. मऊ केसांचा ब्रश डिकीत ठेवू नकोस, डिकी गोठते. आपल्या पायाशी ठेव. लोखंडी काही दिव्याला लावायचं नाही, ओरखडा गेला की बर्फाला तिथे घर मिळतं. कढत पाण्याचं मी बोलत नाही. रस्त्यात जिथे जिथे थांबायला जागा दिसेल तिथे उतर, पुढे जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आत बसून 'दिवा लागलाय' असं बटण सांगतं, त्यावर जाऊ नकोस. मागचे दिवेही पूस. तुझ्या मागे येणाऱ्यालाही आई असते.

आता ओदमुंडने टोचलं म्हणून नव्हे, माझं मला वाटतं म्हणून लिहिते. मला तू यायला हवी आहेस. या वर्षी आईच्या दगडासमोर एकटीने उभं राहायचं माझ्या जिवावर आलं आहे. पण ते तसंच सहन करीन, आणि तुझे दिवे पांढरे असले तर तुला परत पाठवीन. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याला मी काय करू?

नाताळच्या तांदळाच्या खिरीत नेहमीसारखा एकच बदाम लपवणार आहे, ज्याच्या वाटीत निघेल त्याला बक्षीस. तुला मिळाला तर मिळाला. लहानपणी मिळायचा तसा लबाडीने नाही.

गुनवोर


२६ डिसेंबर

प्रिय बेरित,

काल तू गेलीस आणि स्वयंपाकघरात तुझा पेला तसाच आहे. धुवायचा कंटाळा आला, असं मी स्वतःला सांगते आहे.

थडग्यापाशी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी खाली बसून वात नीट करत राहिले. वात नीटच होती. मला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते. पण आधी घाटाचं सांगते. तू तिथे होतीस हे खरं, पण माझ्या बाजूने तू कशी दिसलीस हे तुला कुठे ठाऊक आहे?

त्या दुपारी वारा फेब्रुवारीतल्यासारखाच होता. मी ब्रश घेऊन रांगेच्या कडेने निघाले. मनात म्हणत होते, दिवे स्वच्छ असू देत. देवाला मी एरवी त्रास देत नाही, पण त्या दिवशी दिला. आणि तुझ्या गाडीशी आले तर तू आत नव्हतीसच. तू पुढे उभी होतीस, आईची लाल टोपी घालून, कंबरेत वाकून, नाक जवळजवळ काचेला लावून. एक दिवा बघितलास, पुसलास, दुसरा बघितलास, पुन्हा पहिल्याकडे गेलीस. मी मागे आलेली तुला कळलंही नाही. मेणाचा वास येत होता. मीही वाकून पाहिलं, दिवे असे होते की मला डोळे बारीक करावे लागले.

मी तुझ्या बॉनेटवर दोन थापा मारल्या, सगळ्यांना मारते तशाच. मग तुला बोटाने पुढे बोलावलं आणि माझ्या मागे पहिल्या जागेवर लावलं. ओदमुंडने भोंगा वाजवला. तो का वाजवला ते त्यालाच विचार.

वर चढताना माझ्या आरशात सतत तुझे दोन दिवे होते. रस्त्याकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघत होते, हे एस्किलला सांगू नकोस. माथ्यावर पोचलो आणि तुझे दिवे उघडझाप करायला लागले. मी थांबले. मागे सगळा ताफा थांबला. म्हटलं, घाबरली, की भांडायला हीच जागा सापडली? तेवढ्यात माझ्या दारावर धडाधड बुक्क्या. भुवयांपर्यंत बर्फाने माखलेली तू.

"ताफ्यात गाडीतून उतरायचं नाही!" मी ओरडले. "कितीदा सांगायचं लोकांना?"

"तुझा मागचा डावा दिवा दिसत नाही!"

"टपावरचा पिवळा दिवा फिरतोय की!"

"पिवळ्याचा नुसता धुरळा दिसतो. डावा गेलाय, उजवा जायच्या बेतात आहे. मी कशाच्या मागे येऊ?"

"आता उतारच लागेल. चल, बस गाडीत."

तू हलली नाहीस. म्हणालीस, "दिवा झाकलेला असेल तर गाडी जाणार नाही. आत कोणी का बसलेली असेना. ब्रेक ओढ आणि खाली उतर, गुनवोर."

तीस वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवलं. मला कोणी ऐकवलं नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. पण ब्रेक ओढला आणि उतरले. नांगराने उडवलेला बर्फ माझ्याच पाठीला थापला गेला होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. तू न विचारता डावीकडे गेलीस. मी उजवीकडे. हातमोज्यांनी घासलं, कोरडं. मग तू मागे सरत सरत तुझ्या गाडीपर्यंत गेलीस आणि त्या वाऱ्यात ओरडलीस, "दिसतंय!"

मी परत चढून बसले तेव्हा मला काही क्षण गिअर टाकता येईना. बाबांच्या गाडीनंतर हा शब्द मी ऐकला नव्हता.

या सगळ्यात चर्चची पाचची घंटा आपल्याशिवायच झाली. पोचलो तेव्हा लोक मेणबत्त्या लावून जेवायला घरी गेले होते, आणि सगळ्या दफनभूमीत बर्फात खळगे करून ठेवलेल्या ज्योती तेवढ्या होत्या. एकटी हिल्या आईच्या दगडापाशी थांबलेली. तिचं काही चुकलं नाही, तिला काय ठाऊक आपल्यात काय चाललंय. ती म्हणाली, "दोघी आलात, बरं झालं. त्या रात्री दोघींपैकी एकही नव्हती, म्हणून मीच तिच्याशी बोलत बसले होते."

तू माझ्याकडे वळलीस. "तू नव्हतीस?" आणि मग, "का नाही सांगितलंस?"

तर ऐक. फेब्रुवारीत पलीकडे उतरून मी गाड्या मोजल्या, एक कमी होती असं लिहिलं होतं ना, ती शाळेतल्या नव्या मास्तराची. तो आणि त्याची बायको, पोटुशी. फाटकाशी त्यांचे दिवे मी स्वतः बघितले होते, लख्ख होते. वाटेत गोठले, त्यांना पुढची गाडी दिसेना आणि ती दोघं कडेला घसरली. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की एक गाडी वर राहिली आहे. मी जिथे उभी होते तिथून वृद्धाश्रमाच्या खिडक्या दिसत होत्या, बेरित. आईची कोणती तेही मला कळत होतं. मी नांगर वळवला आणि परत वर गेले.

ती दोघं सापडली. जिवंत, गारठलेली. वाऱ्याने आम्हाला सकाळपर्यंत हलू दिलं नाही. नांगराच्या केबिनमध्ये तिघं बसलो, मी त्या मुलीचे पाय माझ्या कोटात घेऊन. खाली आले तेव्हा हिल्याने आईच्या खोलीची खिडकी उघडलेली होती, गेलेल्यासाठी उघडतात तशी. म्हणून तिने शेवटी कोणाचं नाव घेतलं हे मला माहीत नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसले ते त्यासाठी. मी या वेळी हिल्याला विचारलं. ती म्हणते, आई बाबांना हाका मारत होती, की दिवे पुसून झाले, आता निघा.

आता तुझं 'का'. तुला हे मार्चमध्येच सांगितलं असतं तर तू विरघळली असतीस. 'बिचारी गुनवोर, तीही पोचली नाही' म्हणून रडली असतीस आणि मला माफ केलं असतंस. मला माफी नको होती. माझं चुकलं नव्हतं, आजही मी तेच म्हणते, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर तुला पुन्हा परत पाठवीन. माझी कीव करून तू माझ्या बाजूला आली असतीस तर ते मला तुझ्या शिव्यांपेक्षा जड गेलं असतं. मला एवढंच हवं होतं की तू एकदा त्या गाडीतून उतरावंस, पुढे यावंस आणि दिवा बघावास. त्यासाठी दहा महिने थांबले. आणखी दहा थांबले असते.

आणि हो, तुझ्या अटीचं. फाटकाशी तुझ्या गाडीपुढे मी वाकले होते, हे कोणी ना कोणी प्रेबेनला सांगेलच. मी दिवा बघायला वाकले होते. त्याचा भलता समज होऊ देऊ नकोस.

फेब्रुवारीत आईला वर्ष होईल. प्रेबेनला आणायचं असेल तर आण, थर्मास तेवढा घरी ठेवून यायला सांग. ताफ्यातली पहिली जागा तुझी आहे. मला माझा मागचा दिवा दिसत नाही.

तुझी
गुनवोर